आईची कोकमकांडी

रत्नागिरी स्टेशनवर गाडीला उशीर होता. तेवढ्यात आईने माझी बॅग पुन्हा उघडली आणि कपड्यांच्या मधोमध आगळाची बाटली कोंबली. आगळ म्हणजे आमच्याकडचा मीठ घातलेला कोकमाचा रस, वर्षभर टिकणारा. झाकणावर तिने मेणबत्ती वितळवून ओतली होती. "सांडलं तर सगळे कपडे लाल होतील ना!" मी करवादले. नवऱ्याच्या नोकरीपायी कॅनडाला निघाले होते, आणि राग काढायला ती बाटली बरी सापडली. आई म्हणाली, "होऊ देत लाल. तिकडे म्हणे सगळंच गोठतं. हे गोठायचं नाय. मीठ आहे त्यात."

घरच्यांनो, आणि माझ्यासारख्या गाव सोडून गेलेल्यांनो, आईला हे कोणत्या पुस्तकाने सांगितलं नव्हतं. आमच्या घरासमोर शाळा. आई पडवीतल्या फ्रीजमधून कोकमाच्या बर्फकांड्या विकायची, प्लॅस्टिकच्या नळीत भरलेल्या. सगळी शाळा तिला काकी म्हणायची. सरबताला साखर किती आणि मीठ किती, हे ती कान तुटलेल्या एका कपाने ठरवायची, आणि त्या कपाला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. मी कधी हळूच जास्त साखर ढकलली की दुसऱ्या दिवशी कांडी लिबलिबीत आणि माझ्या पाठीत धपाटा. "गोडाला हात आवर गो, नायतर बर्फ धरत नाय!"

इथे कॅनडात पहिल्याच थंडीत बाल्कनीत विसरलेली पाण्याची बाटली गोठून फुटली. शेजारी आईचं आगळ होतं, ते जसंच्या तसं पातळ. मी वेड्यासारखी हसले आणि मग रडले. इथे रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून ट्रक मीठ टाकत फिरतात. पाण्याला बर्फ व्हायचं तर नीट रांगेत उभं राहावं लागतं, आणि मीठ-साखर त्या रांगेत घुसून गोंधळ घालतात. पण थंडी फारच कडक झाली की मिठाचंही काही चालत नाही. मग नुसती रेती टाकतात. बर्फ तसाच राहतो, माणसं घसरू नयेत एवढंच.

गेल्या उन्हाळ्यात दादाचा फोन आला. आईच्या कांड्या घट्टच होत नव्हत्या. शाळेतली पोरं येत आणि हात हलवत परत जात. मेकॅनिक दोनदा येऊन गेला, त्याला काही सापडेना. आईचा एकच धोशा, "फ्रीज मेलाय, नवीन आण." दादाने बिचाऱ्याने नवीन आणलासुद्धा. त्यातही कांड्या तशाच, नळीत लोंबणाऱ्या. मीही इथून तोंड चालवलं, की दादा, तुला दुकानदाराने गंडवलं. वैतागून शेवटी म्हटलं, एक वाटी साधं पाणी ठेवून बघ तरी.

दुसऱ्या दिवशी दादाने व्हिडिओवर ती वाटी दाखवली. दगड झाला होता पाण्याचा. बाजूला कांडी तशीच पातळ. म्हणजे फ्रीज ठीक होता. मी म्हटलं, "दादा, ती कांडी चाखून बघ." त्याने नळी फोडून तोंडाला लावली आणि थू थू करत मोरीकडे पळाला. "पाक आहे गं नुसता! आणि खारट किती, शी!"

मग वहिनीने लक्ष ठेवलं. आई कपाने साखर घालायची, मीठ घालायची, ढवळायची. मग खिडकीतून शाळेकडे बघत उभी राहायची. पुन्हा वळली की पातेलं तिला नव्याने मांडल्यासारखं वाटायचं, आणि ती कप उचलून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. वहिनी म्हणाली, "मी हात धरला तर म्हणाल्या, अगो, अजून काहीच घातलं नाय मी." बर्फ धरत नव्हता आणि आईच्या डोक्यातही काही धरत नव्हतं.

डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, हे परत फिरणारं दुखणं नाही. गोळ्या दिल्यात. गोळ्या म्हणजे कॅनडातल्या रस्त्यांवरची ती रेती. तिने मला विसरायच्या आत पोहोचावं, या एकाच धास्तीने मी कामावर सुट्टीसाठी भांडले, तिकीट काढलं आणि आले.

स्टेशनवरून रिक्षाने आले. आई पडवीतच बसली होती, फ्रीजला टेकून. तीच साडी, तोच अंबाडा, म्हटलं, देवा, काहीच तर बदललेलं नाही! मी बॅग घेऊन समोर उभी राहिले. तिने माझ्याकडे पाहिलं, छान हसली, आणि शाळेतल्या पोरींना लावायची तोच लाडका सूर लावला.

"कांडी अजून घट्ट झाली नाय गो बाय. उद्या ये."

दादा मागून ओरडला, "आई, अगं, आपली सुमी आली!" मी त्याला हातानेच गप्प केलं. ती घाबरी झाली असती. मी म्हटलं, "बरं काकी. उद्या येते."

राहिले तेवढे दिवस मी रोज नव्याने आले आणि रोज परत पाठवली गेले. निघताना बॅगेत बाटली कोंबायला कोणी नव्हतं. वहिनीने विचारलं, आगळ देऊ का, पण मला नको झालं. आता इथून रोज फोन करते. दादा फोन तिच्या कानाला लावतो, मी "काकी" म्हणून हाक मारते, आणि ती म्हणते, उद्या ये. माझं घर म्हणजे आता एवढंच. ज्या दिवशी ती तेही म्हणायची थांबेल, त्या दिवसानंतर मी रत्नागिरीचं तिकीट कशासाठी काढायचं, हे मला कोणी सांगू शकणार नाही.