पहारा फक्त माझ्यावर

लकडगंजातल्या एका धान्याच्या ठोक व्यापाऱ्याकडे माझा बिलांचा प्रोग्राम नुकताच सुरू झाला होता, आणि बिलांची फाइल मधूनच रिकामी होऊ लागली. सकाळी केलेली बिलं दुपारी मशीनमध्ये नसायची. शेठनं सगळ्या कारकुनांसमोर मला ऐकवलं, "आज कारण नाही सापडलं तं तुहा प्रोग्राम बंद. मशीनच्या कंपनीचाच घेतो मी." ते माझं पहिलं मोठं काम. ते गेलं असतं तर त्या बाजारात मला कोणी दारात उभं केलं नसतं.

मशीन विकणाऱ्या कंपनीनं पुण्याहून इंजिनिअर पाठवला होता. कोणताही प्रोग्राम डिस्कला स्वतः हात लावू शकत नाही. फाइल उघडायची, लिहायची किंवा पुसायची तर दर वेळी कर्नेलकडे, म्हणजे मशीन चालवणाऱ्या मुळातल्या प्रोग्रामकडे, मागणी करावी लागते. या माणसानं आणलेलं कर्नेल अशी प्रत्येक मागणी कागदावर छापायचं. पण त्यानं आधीच चाळणी लावली: चालू असलेल्या प्रोग्रामला प्रोसेस म्हणतात; छापायच्या त्या फक्त माझ्या प्रोग्रामच्या प्रोसेसच्या मागण्या.

थोड्या वेळानं एक ओळ उमटली. माझ्या प्रोग्रामनं बिलांची फाइल नव्यानं तयार केली होती.

"बघा शेठ, हाच नवी फाइल करतोय. म्हणून रिकामी."

माझं डोकं फिरलं. "जुनी जागेवर नव्हती म्हणून नवी केली! जुनी कोणी उडवली ते दाखवा. पहारा एकट्या माझ्यावर ठेवलात, तर दुसरा दिसेल कसा?"

"सगळ्या प्रोसेस लावल्या तर मशीन बसेल."

"बसू द्या."

बसलंच. चाळणी काढताच कागद धो धो सुटला. छापणारी प्रोसेससुद्धा प्रत्येक ओळीसाठी कर्नेलकडे मागणी करत होती. ती मागणी छापली जायची, आणि ती छापायला पुन्हा नवी मागणी. कारकुनांचे टर्मिनल गोठले, बिलं थांबली. बाहेर ट्रक खोळंबले. एक ड्रायव्हर आत डोकावून "क्या सेठ, आज यहीं सुलाओगे क्या?" म्हणून गेला.

"बंद करा गा हे!" शेठ कडाडला. "माहा धंदा काहून बुडवून राहिले?"

इंजिनिअर हसत होता. त्याचं ते हसू मी अजून विसरलेलो नाही. मी शेठकडे वळलो. "जेवणाच्या सुट्टीपर्यंत द्या. नाही सापडलं तं मीच प्रोग्राम काढून नेतो, एक शब्द बोलत नाही." मग इंजिनिअरला म्हटलं, "माणसं चाळू नका, काम चाळा. प्रोसेस कोणाचीही असो, फक्त फाइल पुसायची मागणी छापा."

कागद कोराच राहिला. बिलं होत होती, ट्रक सुटत होते, आणि कोणीच काही पुसत नव्हतं. कारकुनांनी डबे काढले. शेठनं माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात एकानं जेवायला बसण्याआधी मालाच्या साठ्याची यादी छापायला लावली. यादी पूर्ण छापून झाली, आणि इंजिनिअरच्या कोऱ्या कागदावर खट्‌कन ओळ पडली. बिलांची फाइल पुसली गेली होती. प्रोसेस कंपनीच्याच छपाईच्या प्रोग्रामची.

तो प्रोग्राम यादी छापल्यावर छपाईपुरत्या केलेल्या आपल्या कच्च्या फाइली पुसायचा. ठरावीक अक्षरांनी नाव सुरू होणारी जी सापडेल ती. माझ्या फाइलचं नाव त्याच अक्षरांनी सुरू होत होतं.

"म्हणजे नाव तुमचंच चुकलं," इंजिनिअर म्हणाला.

"ही अक्षरं तुमच्या कंपनीनं विकत घेतली का? मला कोणी सांगितलं होतं?"

"अरे, नाव बदलून टाक ना गा," शेठ म्हणाला, "भांडून काहून राहिला?"

बदललं. काम माझ्याकडेच राहिलं. पुढं शेठनंच बाजारात माझी ओळख करून दिली, दर वेळी याच शब्दांत: "माणूस पक्का आहे. याचा प्रोग्राम पहिले बिलं खाऊन टाकत होता, आता नाही खात."

"शेठ, माझा नाही, कंपनीचा खात होता," मी दर वेळी तिथल्या तिथं सुनावायचो.

"हौ," शेठ म्हणायचा, "तेच तं सांगून राहिलो."