आषाढातली होडी

सुमतीबाई कुठल्याही पुस्तकाचं पहिलं पान वाचत नसत. "पयला पान सगळेच नटवतत," असं त्यांचं म्हणणं.

मालवणच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून उभी हयात काढली आणि निवृत्तीनंतर डोळ्यांनी दगा दिला. छापील अक्षर दिसेना, म्हणून वाचनालयातला त्यांचा जुना वाचक या नात्याने मी त्यांना टॅबलेट आणून दिला, अक्षर बोराएवढं करून दिलं. ई-पुस्तकांच्या बाजारात शिरल्या आणि पहिल्याच दिवशी वैतागल्या. "रे, ह्यो बाजार की जत्रा? येकच गजाल आणि धा कव्हरां!" गोष्टीला त्या गजालच म्हणत.

पाच चांदण्या मिळवलेल्या पुस्तकांकडे तर ढुंकूनही बघत नसत. "मासळीबाजारात जी जास्त वरडता, तिच्या पाटयेत शिळा म्हावरा." फुकट नमुना उघडायचा, थेट मधलं पान गाठायचं आणि लिहिणाऱ्याला त्या विषयातलं खरंच काही कळतं का ते बघायचं. बहुतेक पुस्तकं तिथेच आटपत.

त्याच बाजारात मी टोपणनावाने माझा कथासंग्रह चढवला होता. बाईंना सांगितलं नव्हतं. त्यांनी तो आपणहून शोधावा आणि बरा म्हणावा, एवढीच हाव. हाव कसली, जीव टांगणीला लागला होता.

एकदा चहा देता देता म्हणाल्या, "आपल्या तोंडवलीची येक गजाल गावली. भर आषाढात होडी दर्यात ढकलल्यान! हेका झापाखालची होडी कधी दिसाक नाय? थंयच मिटलंय."

माझा चहा कपातच राहिला. पावसाळ्यात आमच्या होड्या किनाऱ्यावर, माडाच्या झावळ्या विणून केलेल्या झापांखाली असतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय पाण्यात उतरत नाहीत. मला हे माहीत नव्हतं थोडंच! वादळ हवं म्हणून माझ्या कथेत आषाढ घेतला होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी जाऊन कथा दुरुस्त केली आणि नवी आवृत्ती चढवली.

यंदा बाई मुलीकडे पुण्याला निघाल्या, कायमच्या. आता बोराएवढं अक्षरही दिसत नव्हतं. टॅबलेट माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "रिक्षा येयपर्यंत वाचून दाखय."

उघडलं, तर माझंच पुस्तक. अख्खं, विकत घेतलेलं.

"तुझी चाय तशीच रवली, तेव्हाच वळाखलंय," बाई म्हणाल्या. "होडी आता वेळेर सुटता. डोळे होते तवसर बघून घेतलंय."

मी मधलं पान काढू लागलो.

"मधला नको रे," त्या म्हणाल्या. "पयल्या पानापासून वाच."