ग्रेसबाईंनी लिहिलेली पाटी

ग्रेसबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या भिंतीला तळहात टेकवून, डोळे मिटून उभ्या होत्या. मी तेव्हा कल्याणच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होतो आणि सातवीच्या मुलांना ठाण्याचं तळ्याकाठचं कलासंग्रहालय दाखवायला आणलं होतं. मला वाटलं, बाईंना भोवळ आली. धावत जाऊन पाण्याची बाटली पुढे केली. बाईंनी एक डोळा उघडला. "मला काही झालेलं नाही हो, मास्तर. भिंत बघतेय. आज जरा ओल धरलीय." आणि डोळा पुन्हा मिटला. मुलं फिदीफिदी हसली. मीही मनात म्हटलं, काय बाई आहे! दोन वर्षांनी मी तिथे संग्रहपाल असलेल्या याच बाईंच्या हाताखाली सहायक म्हणून रुजू झालो आणि तेव्हापासून रोज मनात तेच म्हणत आलो. फक्त सूर बदलला.

बाई आता पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. या गौरवग्रंथात त्यांच्या व्यासंगाबद्दल, शिस्तीबद्दल जाणकार मंडळी लिहितीलच. मला एका चित्राबद्दल लिहायचं आहे. त्या चित्राशेजारी एक पाटी आहे आणि त्या पाटीमुळे बाईंच्या नावाला गेली कित्येक वर्षं एक डाग चिकटलेला आहे. तो डाग माझा आहे. अगदी परवापरवापर्यंत हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

आधी इमारत सांगतो, म्हणजे माझा मूर्खपणा नीट समजेल. वीज नव्हती त्या काळात गावातल्या एका हौशी धनिकाने ती बांधून घेतली. काळ्या दगडाचा पाया थेट तळ्याच्या पाण्यालगत. आता पाण्याशेजारी चित्रं ठेवायची म्हणजे वेडेपणाच. पण बांधणारा गवंडी कोण होता कोण जाणे, त्याला दंडवत घालावा असं काम त्याने केलंय. तळ्याकडची भिंत दुहेरी आहे, दोन भिंतींमध्ये वीतभर पोकळी. खाली पाण्याजवळ झरोके, वर छपराखाली झरोके. तळ्यावरचा वारा खालून शिरतो, पोकळीतून वर चढतो आणि जाताना ओल घेऊन जातो. सकाळी ऊन तळ्यावर पडलं की पाण्याची झळाळी लांब दालनाच्या लाकडी छतावर हलत राहते. इतकी वर्षं झाली, अजून माझी मान आपोआप वर जाते.

या दालनात किनाऱ्यावरच्या जुन्या देवळांतल्या मूर्ती आहेत, चर्चमधले लाकडी संत आहेत, काचेवर रंगवलेले देव आहेत. निम्म्याहून अधिक वस्तू बाईंनी स्वतः गावठाणं पालथी घालून मिळवल्या. बाई ठाण्याच्याच जुन्या ख्रिस्ती शेतकरी घरातल्या. त्यांचे वडील कणगीत हात घालून भाताची ओल सांगत, बाई भिंतीची सांगतात. आम्ही ओलावा मोजायचं यंत्र आणलं तेव्हा आठवडाभर दोघांची तुलना केली. यंत्र दुरुस्तीला पाठवावं लागलं, बाई नाही.

ते चित्र त्यांना शहाडला मिळालं. काशिनाथकाका नावाचे एक म्हातारे गृहस्थ खाडीकाठचं गाव सोडून तिकडे राहायला गेले होते. त्यांच्या घरी कपाटामागे एक तैलचित्र आहे, एवढंच बाईंच्या कानावर आलं होतं. चित्रात मिठागरातून मिठाच्या टोपल्या डोक्यावर घेऊन निघालेल्या पाच बायका. मिठागरावर येऊन बसणाऱ्या कुणा अनोळखी चित्रकाराने ते काढून काकांच्या घरी दिलेलं. डावीकडच्या शेवटच्या बाईवर बोट ठेवून काका म्हणाले, "ही माजी आय." तिचा एकही फोटो घरात नव्हता. बाईंनी चित्र मागितलं नाही. त्या नुसत्या जात राहिल्या, काकांशी मिठागराच्या गप्पा मारत राहिल्या. पाचव्या खेपेला काकांनी आपणहून चित्र चादरीत गुंडाळून हातात दिलं. "तुमच्याकडं नीट राहील, बाय."

आणि मग आलो मी. मी पडलो डोंबिवलीचा. आम्हाला कुठल्याही विषयावर मत नसलं तर रात्री झोप लागत नाही! एका श्रावणात बाई आजारी बहिणीपाशी वसईला गेल्या आणि तीन आठवडे संग्रहालय माझ्या हाती आलं. नेमके तेव्हाच मोठे पाहुणे येणार होते. आदल्या आठवड्यात खालच्या झरोक्यातून एक बेडूक आत आला आणि दालनाच्या मधोमध, लाकडी संतांच्या पुढ्यात ऐसपैस बसला. मी म्हटलं, पाहुण्यांसमोर असं झालं तर शोभा होईल. गवंडी बोलावला, खालचे सगळे झरोके सिमेंटने लिंपून टाकले, वरून छान रंग मारून घेतला. पाहुणे खूश होऊन गेले. मी शाबासकीची वाट बघत बसलो.

बाई परत आल्या, नेहमीप्रमाणे भिंतीला हात लावला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "मनोहर, ही भिंत गुदमरलीय. काय केलंस रे?" मी बेडकाची गोष्ट सांगेपर्यंत त्या त्याच भिंतीवरच्या मिठागराच्या चित्रापाशी पोहोचल्या होत्या. चित्र खाली उतरवताना डाव्या बाजूचे रंगाचे पापुद्रे सुटायला लागले. बाईंनी खाली बसून पदर पसरला आणि ते पदरात झेलले. मागचं कापड बुरशीने काळं झालं होतं. बाई म्हणाल्या, "आधी झरोके फोड," एवढंच.

पुढचे सात महिने बाई भिंग लावून एकेक पापुद्रा जागेवर बसवत होत्या. बोटाच्या नखाएवढी जागा, कधीकधी एका दिवसात तेवढीच. मी शेजारी दिवा धरून उभा असे. माणसाचे हात असं काही करू शकतात हे मी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून विश्वास ठेवतो. सगळं वाचलं, पण पाचव्या बाईचा चेहरा तेवढा वाचला नाही. त्याचं पीठ झालं होतं. मी म्हटलं, बाई, तुमच्याइतकं रेखाटन कुणाचं आहे? काढून टाका, कुणाला कळणार? बाई म्हणाल्या, "मला कळेल ना. काशिनाथकाकांची आई मनाने कशी काढू? ती जागा रिकामीच राहू दे."

मग त्या मला घेऊन शहाडला गेल्या. काकांसमोर हात जोडून म्हणाल्या, "काका, तुमच्या आईचा चेहरा माझ्या हातून गेला." मी शेजारी उभा होतो. तोंड उघडायला हवं होतं, उघडलं नाही. नोकरी जाईल, लोक काय म्हणतील, शेण खाल्लेल्या माणसाच्या मनात येतं ते सगळं आलं. काकांनी सतरंजी पुढे सरकवली. मग म्हणाले, "बसा बाय, च्या घ्या." तो चहा मी कसा गिळला ते माझं मला माहीत.

परत आल्यावर बाईंनी स्वतःच्या अक्षरात पाटी लिहिली: 'या चित्रातील पाचव्या स्त्रीचा चेहरा संग्रहपालाच्या निष्काळजीपणामुळे नष्ट झाला आहे.' त्याच वर्षी त्यांचं संचालकपद जवळजवळ ठरलं होतं. व्यवस्थापन मंडळाने पाटी वाचली आणि विषय तिथेच संपवला. बाई निवृत्त झाल्या त्या संग्रहपाल म्हणूनच. आणि मी? मी बढत्या घेतल्या. तरी त्यांनी मला शिकवणं एक दिवस थांबवलं नाही. माझ्या मुलीच्या लग्नात तर त्या माझ्याआधी कार्यालयात हजर होत्या.

गेल्या महिन्यात बाईंच्या घरी जाऊन मी हा लेख लिहिणार असल्याचं सांगितलं. त्या भडकल्या. "काही गरज नाही. मी पाटीवर खोटं लिहिलेलं नाही. झरोके कशासाठी असतात हे मी तुला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. चूक माझीच." मी म्हटलं, "बाई, तुम्ही सांगितलं होतंत. पहिल्याच दिवशी. माझ्या वहीत लिहिलेलं आहे, तारखेसकट." बाई हळूच म्हणाल्या, "ठाऊक आहे मला. ती वही मी तेव्हाच पाहिली होती."

हे सगळं मी मंडळालाही लेखी कळवलं आहे आणि परवानगी घेऊन पाटी बदलली आहे. 'संग्रहपालाच्या' हा शब्द काढून तिथे माझं नाव, हुद्द्यासकट. शहाडला काकांच्या मुलालाही सांगून आलो. काका ते ऐकायला राहिले नाहीत, ही माझ्या उशिराची शिक्षा. बाईंना नव्या पाटीची कल्पना नाही. सत्काराच्या दिवशी त्या दालनात येतील, वाचतील आणि चारचौघांत माझी खरडपट्टी काढतील. देवाने त्यांना उदंड आयुष्य द्यावं, हातपाय असेच धडधाकट ठेवावेत आणि माझ्यावरचा त्यांचा हा राग पुढची पंचवीस वर्षं तरी उतरू नये.