ओकोतेस घाटातला आडवा ट्रेलर

ओकोतेस घाट उतरताना आपल्यापुढे एखादा ट्रेलर रांगत चालला असेल, आणि हॉर्न वाजवून हात दुखला तरी तो ढिम्म हलत नसेल, तर खुशाल समजावं की आत हिलारिओन शोकुआ बसला आहे. घाटाच्या तोंडाशी पाटी आहे: अवजड वाहनांसाठी वेगमर्यादा चाळीस. ती वाचणारे रोजचे शेकड्यांनी, मानणारा हा एकटा. पुएब्लाहून वेराक्रूसच्या बंदराकडे माल नेणाऱ्या ड्रायव्हरांनी त्याचं नाव 'मिरवणूक' ठेवलं होतं, कारण त्याच्या मागे कायम गाड्यांची लांबलचक रांग. गाड्यांमधल्या बोलायच्या रेडिओवर कुणीतरी विचारायचं, मिरवणूक कुठवर आली? दुसरा सांगायचा, अजून चर्चच्या पायरीवरच आहे. हिलारिओन ऐकायचा, कधी गालातल्या गालात हसायचा, पण काटा चाळीसच्या पुढे जायचा नाही.

त्याच्या मागे अडकणं म्हणजे शिक्षाच होती, खोटं कशाला बोला. आणि माणूस काही संतबिंत नव्हता. हट्टी होता, कुणी मध्ये बोललेलं त्याला खपत नसे. सोंगोलिकाच्या डोंगरातला बुटका, रुंद हाडापेराचा गडी. गाडी चालवण्याचं त्याचं शास्त्र एवढंसंच: ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेक हा गाडी थांबवण्यासाठी असतो, उतरण्यासाठी नव्हे. घाटमाथ्यावर मेल्चोराबाईची खानावळ आहे. तिथे थांबल्यावर बाकीचे आधी जेवणावर तुटून पडत. हा आधी दांडक्याने एकेक टायर ठोकून बघणार, ब्रेकच्या ड्रमजवळ हाताची पाठ नेऊन धग घेणार, मग हात धुऊन पिकादा, म्हणजे चटणी लावलेली मक्याची जाड भाकरी, आणि कॉफी मागणार. मेल्चोरा म्हणायची, बायकोच्या अंगाला ताप आला तर इतकं बघत नसशील.

त्याच्या जिवाला घोर होता तो नाबोरचा. नाबोर म्हणजे त्याच्या एकुलत्या एका मुलीचा, ओब्दुलियाचा नवरा. त्याच कंपनीत ड्रायव्हर. गाडी चालवायला त्याला हिलारिओननेच शिकवलं होतं. पहिली दोन वर्षं जावई सासऱ्याच्या शब्दाबाहेर गेला नाही. मग त्याला दिसायला लागलं की यार्डात चालतं ते वेगळंच. लवकर पोचणाऱ्याला चांगल्या खेपा, उशिरा येणाऱ्याने आपलं गेटपाशी बाकावर बसून माश्या माराव्यात. पाटी सरकारची असेल, खेपा वाटणारा मॅनेजर कंपनीचा होता. मग नाबोर उतारावर गाडी न्यूट्रल करायला लागला. डिझेल वाचतं, गाडी आपोआप पळते, पाय मोकळे. सगळेच करत, त्यात नवल काही नव्हतं.

एकदा बंदरात नाबोरच्या गाडीजवळून जाताना हिलारिओनला जळक्या ब्रेकचा वास आला. त्याने तिथेच, चार माणसांत, त्याची खरडपट्टी काढली. तसं करायला नको होतं. नाबोर लाल झाला, पण आवाज चढवला नाही.

"मामा, तुमचं सगळं आयुष्य चाळीसात गेलं," तो म्हणाला. "मला घरी जाऊन पोरं जागी बघायची असतात."

"म्हणून तर सांगतोय," हिलारिओन म्हणाला.

त्यावर बोलणं खुंटलं ते खुंटलंच. पण तेव्हापासून नाबोर रस्त्यावर असला की हिलारिओनला घास गोड लागत नसे. रेडिओवर अपघाताचं काही कानावर आलं की आधी विचारायचा, कुठल्या रंगाची गाडी.

घाटाच्या मध्यावर रॅम्प आहे. उजव्या अंगाला डोंगराच्या सोंडेवर चढत जाणारी, खडी आणि वाळूने भरलेली वाट. ब्रेक गेलेली गाडी तिच्यात घातली की चाकं रुततात आणि गाडी जागच्या जागी थांबते. जीव वाचतो. तरी तिच्यात जायला कुणी तयार नसे. जीव वाचतो पण नोकरी जाते, कारण मॅनेजर पहिलं हेच विचारतो की ब्रेक जळेपर्यंत तू काय झोपा काढत होतास का. वर क्रेनचा भुर्दंड. आणि दोस्तमंडळी काय गप्प बसणार? जो रॅम्पमध्ये गेला त्याच्या आरशाला ते लहान मुलांची प्लास्टिकची बादली आणि फावडं बांधत. वाळूत खेळून आलास, बाळा. ह्या लाजेपायी, आणखी एक वळण काढू, धरून ठेवू गाडीला, असं म्हणत कितीतरी जण रॅम्प सोडून पुढे गेले. त्यांचे क्रूस खालच्या वळणावर उभे आहेत. दर वर्षी त्यांना नवा रंग देतात, आणि दर वर्षी एखाददुसरा वाढतो.

ख्रिस्ती उपासाच्या महिन्यातली स्वच्छ दुपार होती. हिलारिओन बंदराकडे फरशा घेऊन चालला होता. जेवून, टायर ठोकून तो घाटाला लागला. नाबोर सिमेंटची पोती घेऊन मागून येत होता, तो मेल्चोराकडे थांबलाच नाही. हिलारिओन निम्म्या घाटात असताना रेडिओवर कुणीतरी बोललं की सिमेंटची एक गाडी वाऱ्यासारखी गेली, मागच्या चाकांतून धूर निघतोय. रंग विचारायची गरज पडली नाही. त्याने नाबोरला हाक मारली.

काही नाही, सगळं ठीक आहे, असं नाबोर म्हणाला. मग त्याचा आवाज आला, एकदम बारीक.

"मामा, गिअर पडत नाहीये."

"रॅम्पमध्ये घाल."

"नको. उद्या गेटवरूनच हाकलतील मला. धरून ठेवतो मी. खाली सपाटी आहे."

"खाली टोलनाका आहे, नाबोर. गाड्यांची रांग असते. पोरंबाळं असतात गाड्यांत."

नाबोरला काय करायचंय ते हिलारिओनला कळलं. तोही ड्रायव्हर होता. आता असली गाडी कुणाच्या बोलण्याने रॅम्पमध्ये जायची नाही.

हिलारिओन नुकताच रॅम्पच्या तोंडावरून पुढे आला होता. त्याने खिडकीतून हात काढून मागच्या गाड्यांना पुढे जाण्याची खूण केली. आयुष्यात पहिल्यांदा मिरवणूक वाट देतेय म्हटल्यावर सगळे भराभर निघाले, जाताना शिव्या हासडायला विसरले नाहीत. शेवटची मोटार पुढे गेली तसं त्याने स्टिअरिंग वळवलं आणि ट्रेलर रस्त्यावर आडवा घातला. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, मधे मांजर जाईल एवढीही फट उरली नाही. त्याने हँडब्रेक ओढला आणि रेडिओ तोंडाशी धरला.

"नाबोर, रॅम्पच्या खाली मी गाडी आडवी लावलीय. रस्ता बंद आहे. आणि मी आतच बसलोय."

"मामा, बाजूला व्हा. मामा, उतरा खाली!"

हिलारिओनने रेडिओ बंद केला. त्याला उतरता आलं असतं, दार त्याच्याच हाताशी होतं. पण आत माणूस नसलेला ट्रेलर म्हणजे नुसता पत्रा. नोकरीच्या भीतीने पिसाळलेला पोरगा पत्र्याला धडकेल, सासऱ्याला धडकणार नाही, एवढाच त्याचा हिशेब होता. तो भ्याला. चांगलाच भ्याला. समोरच्या काचेवर चिकटवलेल्या ग्वादालुपेच्या माउलीच्या चित्राकडे बघायचंही त्याला सुचलं नाही, तो आरशातच बघत राहिला.

वळणावरून सिमेंटची गाडी आली, धूर ओढत, हॉर्न दाबून धरलेला. सरळ आली. हिलारिओनला वाटलं, आता आलीच. शेवटच्या घटकेला तिचं नाक उजवीकडे वळलं आणि ती रॅम्पमध्ये घुसली. खडीचा फवारा उडाला, पोती फुटली, आणि पांढऱ्या धुरळ्यात सगळं दिसेनासं झालं.

तो खडी तुडवत वर गेला तेव्हा नाबोर धडपडत खाली उतरत होता. कपाळ फुटलं होतं, बाकी शाबूत. त्याने सासऱ्याच्या छातीवर दोन्ही हातांनी ढकललं.

"म्हाताऱ्या, वेडा झालास काय तू? मारलं असतं मी तुला. मारलं असतं!"

लग्नापासून त्याने हिलारिओनला कधी अरेतुरे केलं नव्हतं. मग तो खडीत बसला आणि हमसून हमसून रडला. हिलारिओन शेजारी उभा राहिला. त्याच्या खांद्यावर हात ठेवावा की नाही, हे त्याला ठरवता येईना.

हायवेचे पोलीस आले, त्यांनी हिलारिओनला दंड केला, भर रस्त्यात वाहन उभं करून वाहतूक अडवल्याबद्दल. त्याच्या लायसन्सवरचा हा पहिला दंड. कंपनीने नाबोरला काढलं. हिलारिओनला काढायचं की हार घालायचा हे मॅनेजरला कळेना, म्हणून त्याने त्याला घाट सोडून सपाटीवरच्या खेपा दिल्या. बादली दोस्तांनी हिलारिओनच्याच आरशाला बांधली. त्याने ती काढून मेल्चोराच्या नातवाला खेळायला दिली.

नाबोर टायरच्या दुकानात लागला. सासऱ्याशी मात्र तो बोलेना. राग नेमका कशाचा, हे त्यालाही सांगता आलं नसतं. उपासाचा महिना संपता संपता, पाम संडेला, हिलारिओन मुलीकडे जेवायला गेला, तेव्हा नाबोर मुकाट्याने जेवला आणि अंगणात जाऊन बसला. आत ओब्दुलिया भांडी घासत होती, हिलारिओन पुसत होता. ती त्याच्याकडे न बघता म्हणाली,

"बाबा, त्याने वळवली नसती तर?"

"वळवली ना."

"नसती तर?"

"मग माझ्यावर येऊन थांबली असती. टोलनाक्यापर्यंत गेली नसती."

ओब्दुलियाचे हात पाण्यातच थांबले.

"म्हणजे एकाच दिवशी दोघं. आणि मी कुणाच्या तोंडाकडे बघायचं होतं?"

हे हिलारिओनच्या डोक्यातच आलं नव्हतं. नाबोरचा विचार त्याने केला होता, टोलनाक्यावरच्या अनोळखी पोरांचा केला होता. जिच्यासाठी एवढं सगळं, ती मात्र त्याच्या हिशेबातून सुटून गेली होती. तो तेच ताट पुन्हा पुसत राहिला.

"तेवढा वेळ नव्हता, पोरी," तो म्हणाला.

ओब्दुलियाने नवऱ्याला जोरात हाक मारली आणि आत येऊन यांच्याशी बोल म्हणून सांगितलं. नाबोर आला, दारात उभा राहिला. हिलारिओन हातातलं फडकं चुरगाळत राहिला. शेवटी ओब्दुलियालाच रडू फुटलं, आणि दोघेही एकदम तिच्याकडे धावले.