रेघेवर की पलीकडे

झागोर्काताई बेचेई गावच्या बेकरीत पहाटे पाव भाजायच्या आणि शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये आमच्या म्हाताऱ्या मंडळींच्या टेबल टेनिसला पंच म्हणून बसायच्या. "ताई, चष्मा भट्टीत राहिला का?" असं कुणी ओरडलं, तरी मान न वळवता पुढचा गुण पुकारायच्या.

त्या वर्षी दुहेरीच्या अंतिम सामन्यात मात्र त्या गडबडल्या. एका बाजूला मी आणि तिहोमिर, समोर ओस्तोया आणि त्याचा मेहुणा. तिहोमिर आणि ओस्तोया एकमेकांचे कुम, एकमेकांच्या लग्नात साक्षीला उभे राहिलेले. शेवटचा गेम, आम्ही दहा-नऊ पुढे. तिहोमिरनं सर्व्हिस केली. दुहेरीत ती समोरच्याच्या उजव्या अर्ध्यात पडावी लागते. मधल्या रेघेला शिवली तरी चालते, पलीकडे गेली की गुण त्यांचा. चेंडू रेघेपाशी पडला. ओस्तोयाची बॅट पोचलीच नाही.

"बरोबर. सामना संपला," ताई म्हणाल्या.

"नाही हो ताई," तिहोमिर म्हणाला, "पलीकडे पडला. गुण त्यांचा."

"काय बोलतोस कुमा?" ओस्तोया उसळला. "माझ्या नाकासमोर रेघेवर पडला. जिंकलास तू!"

"फुकटचा गुण नको मला."

"आणि मला भीक नको तुझी!"

ताई दोघांकडे बघतच राहिल्या. इतकी वर्षं जो तो आपल्याच बाजूनं भांडायचा. त्यावर काय करायचं ते त्यांना माहीत होतं, यावर नाही. त्यांनी मला हळूच विचारलं, "तुम्ही काय पाहिलंत?"

"मी ओस्तोयाच्या हाताकडे बघत होतो."

"पांढऱ्या रेघेवर पांढरा चेंडू क्षणभर दिसेनासा होतो. त्यावरून ओळखते मी. आत्ताही दिसेनासा झाला... की माझीच पापणी लवली?"

शेवटी त्यांनी सर्व्हिस पुन्हा करायला लावली. तिहोमिरनं ती सरळ जाळीत घातली. मुद्दाम घातली का, हे मी त्याचा जोडीदार असूनही सांगू शकत नाही. दहा-दहा झाले, पुढचे दोन्ही गुणही गेले आणि आम्ही हरलो. ओस्तोयानं चषकाला हात लावला नाही. मेहुणाच घरी घेऊन गेला.

ताईंना चैन पडेना. दुसऱ्या दिवशी त्या तिहोमिरच्या दारात उभ्या. मी तिथेच कॉफी पीत होतो.

"खरं सांगा, पलीकडे पडला होता ना?"

तिहोमिरनं कान खाजवला. "काल तसंच वाटलं होतं. पण ओस्तोया एवढं म्हणतोय म्हणजे रेघेवरच असणार. कुम खोटं नाही बोलत."

ताई मटकन खुर्चीत बसल्या. "अहो, मी आत्ता त्याच्याकडूनच येतेय. तो म्हणतो पलीकडेच होता. तुम्ही खोटं बोलणार नाही म्हणे!"

तिहोमिरनं माझ्याकडे पाहिलं, मी ताईंकडे. मग तिहोमिर त्यांच्यासाठी कॉफी आणायला आत गेला, आणि ताई मला म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी मी काय पुकारू?"