अस्तर लावलेलं कव्हर

माझे बाबा टेलर. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, आणि रागावली की आईसुद्धा. शर्ट-पँट ते शिवतात, पण तोंड वाकडं करून. खरा जीव कोटात, आणि कोटातही अस्तरात. कोट बाहेरून कितीही देखणा असो, बाबा आधी बाही उलटी करून आत बघणार. अस्तर नसेल तर त्या कोटाकडे अशा नजरेने बघतात की घालणाऱ्याला हुडहुडी भरावी. दुसरा त्यांचा हट्ट म्हणजे एकदा शिवलेलं उसवायचं नाही. एका गिऱ्हाइकाला पँट कमरेत घट्ट झाली, तर बाबांनी पँटला हात न लावता त्यालाच जेवण अर्ध्यावर आणायला सांगितलं. महिन्याभरात पँट बसली. तेव्हापासून तर विचारूच नका.

आमची गाडी एकवीस वर्षांची, फिकट निळी. ती आईची की बाबांची हा वाद घरात कधी मिटला नाही. चालवते आई. बाबांनी एकदाच चालवून बघितली आणि शेजाऱ्यांचं फाटक आडवं केलं. मग ते कायमचे शेजारच्या सीटवर आले आणि सिग्नल लागला की तिथे गिऱ्हाइकांच्या कपड्यांना बटणं लावू लागले. आई नर्स आहे, घरोघर जाऊन इंजेक्शनं देते, जखमा धुऊन पट्ट्या बांधते. उंचीने इतकी बेताची, की सीटवर चादरीची घडी टाकून बसते आणि तरीही लांबून गाडी आपली आपणच चाललेली दिसते.

आठ वर्षांपूर्वी बाबांनी या गाडीला कव्हर शिवलं. कव्हर कसलं, कोटच तो. बाहेरून रेनकोटचं कापड, आतून कापूस भरून टिपा मारलेलं जाड अस्तर, आरशांना दोन कान, कडेला पायपिंग, खाली घट्ट इलॅस्टिक आणि मागे ओळीने सहा मोठी बटणं. अख्खी गल्ली बघायला आली होती. आई कामावरून परतली, की इंजिन बंद व्हायच्या आत बाबा कव्हर घेऊन हजर. पाऊस असो, नुकती धुतलेली असो, "गारठेल बिचारी" म्हणत ते बटणं लावून टाकायचे. दुसऱ्या दिवशी आई निमूटपणे ती सोडायची.

या वर्षी एका रविवारी आई गाडी पुसत होती आणि तिचं बोट दाराच्या खालच्या कडेतून सरळ आत गेलं. वाकून बघितलं तर चारही दारांना खालून गंज, चाकांच्या वर फोड आल्यासारखे डाग, आणि एका जागी तर रंगाचा नुसता पापुद्रा उरलेला. मी म्हणाले, "आई, आता हिला दे काढून. दुसरी घेऊ."

"दुसरी तू चालव," आई म्हणाली. "मला हिचाच क्लच कळतो. एकसष्टाव्या वर्षी नवी गाडी शिकायला मी काही बसणार नाही. ही गेली की माझं पेशंटकडे जाणंही बंद."

ती हे अगदी सहज बोलली, म्हणून मला जास्त लागलं. आईने पेशंट सोडून घरी बसायचं, ही कल्पनाच करवेना. बाबांनी एका फोडावरून अंगठा फिरवला. शेवटी ठरलं असं, की गॅरेजमधल्या मिस्त्रीला दाखवायची. तो दुरुस्त करा म्हणाला तर करायची, नाहीतर निरोप द्यायचा.

शनिवारी सकाळी आईने गाडी आणि आम्हाला गॅरेजपाशी सोडलं आणि मागच्याच गल्लीत एका आजोबांची पट्टी बदलायला चालत गेली. बाबांच्या काखेत कव्हरचं गाठोडं होतं. गाडी तिथेच ठेवावी लागली तर उघडी राहायला नको ना.

मिस्त्री हा कमी बोलणारा माणूस. स्क्रू-ड्रायव्हरची मूठ पत्र्यावर हलकेच आपटत तो गाडीभोवती फिरला, मग उकिडवा बसला.

"वरचे डाग सोडा, ते नुसते दिसायला वाईट. दारं कापून नवा पत्रा जोडता येईल. पण तळ सडला असेल तर हिच्यावर एक पैसाही घालू नका." मग त्याने दाराच्या खालची कड बोटाने दाखवली. "मला एक सांगा, हिला ओली असताना गुंडाळून ठेवत होता का? हा सगळा गंज एका रेषेत आहे. पाणी आत कोंडलंय."

बरोबर त्याच रेषेत इलॅस्टिक बसायचं. बाबांनी गाठोडं हळूच पाठीमागे नेलं. आता अख्ख्या गाडीचं कव्हर एका किडकिडीत टेलरच्या मागे कसं लपणार? दोन्ही बाजूंनी आरशांचे कान बाहेर लोंबत होते. मिस्त्रीने बघितलं, आणि भला माणूस, दुसरीकडे तोंड फिरवून गाडीतले मॅट काढायला लागला.

तळ वाजवून बघायचं काम सुरू झालं. ठण्. ठण्. ठण्. प्रत्येक आवाजाला बाबा मान हलवत होते. आईच्या सीटखाली ठण्. मागे ठण्. आणि मग बाबांच्या सीटपुढे आवाज आला, थप्प.

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. मिस्त्रीने हात घातला, जाड मातीचा थर खरवडला आणि मुठीत आलेलं बाहेर काढलं. बटणं! काळी, तपकिरी, चार भोकांची, दोन भोकांची, कोटाची, शर्टाची, शिवाय कापडावर खुणा करायच्या खडूचा एक ओला होऊन सुकलेला गोळा. इतक्या वर्षांत सिग्नल सुटला की बाबांच्या हातून उडालेलं सगळं भांडवल तिथे जमा होतं. खालचा पत्रा त्याने पुन्हा वाजवला. ठण्!

"तळ पक्का आहे," मिस्त्री म्हणाला. "करू."

मला इतका आनंद झाला की मी त्याच्या तेलकट हातावर टाळी दिली. बाबांनाही झाला असणार, कारण सडलेली कड तो कुठे कापणार ते बघायला ते लगेच वाकले. "मार्जिन किती सोडता?" त्यांनी विचारलं. "अर्धा इंच," मिस्त्री म्हणाला. "आम्हीही तेवढंच," बाबा म्हणाले आणि दोघांची गट्टी जमली. पण गाठोड्याकडे लक्ष गेलं की त्यांचा आवाज खाली जायचा.

आई आली तेव्हा ते गाठोडं पुढे धरून उभे राहिले, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे.

"अगं, गाडी वाचली. पण गंज या कव्हरमुळे आला. मीच आणला."

"माहितीय मला," आई म्हणाली.

"माहितीय? कधीपासून?"

"पहिल्या पावसाळ्यापासून. अहो, ओली जखम घट्ट बांधून ठेवली तर काय होतं हे मला कोणी सांगायला हवं का? आयुष्यभर तेच करतेय मी."

"मग बोलली का नाहीस?"

आईने पर्स खांद्यावर नीट केली. मिस्त्रीसमोर बोलावं की नाही असा क्षणभर विचार केला, आणि बोलली. "ते वर्ष आठवतं? सगळे तयार कपडे घ्यायला लागले होते. चार महिने तुमच्या मशीनवर धूळ होती. तुम्ही दिवसभर भिंतीकडे बघत बसायचात. मग हे कव्हर शिवायला घेतलंत आणि तिसऱ्या दिवशी शीळ घालायला लागलात. आता मी पत्र्याचं बघू की तुमचं?"

बाबा तिथल्या एका टायरवर बसले. आधी हसले, मग रडले, मग दोन्ही एकदम. माझंही तेच चाललं होतं. मिस्त्री कुणासाठी तरी चहा सांगायला म्हणून बाहेर गेला तो बराच वेळ आलाच नाही.

गाडी नऊ दिवस गॅरेजमध्ये होती. त्या नऊ दिवसांत माझ्या बाबांनी जन्मात पहिल्यांदा स्वतःचं शिवलेलं उसवलं. कव्हरची एकेक टीप ब्लेडने सोडवली, दोरे वेचून काढले. मग आईला खुर्चीवर बसवलं, स्टिअरिंग म्हणून तिच्या हातात ताट दिलं आणि टेपने मापं घेतली. अस्तराच्या कापडाची आणि कापसाची एक जाड, तिरकी उशी झाली, मागे बांधायला नाड्या, आणि कडेला पायपिंग होतंच.

गाडी आली त्या सकाळी चादर हद्दपार झाली. आई उशीवर बसली, समोर बघितलं आणि ओरडलीच, "अगबाई! हिला बॉनेटसुद्धा आहे!"

"म्हणजे इतकी वर्षं..." बाबांनी दार घट्ट धरलं.

"अंदाजाने," आई म्हणाली आणि गिअर टाकला.

संध्याकाळी आई कामावरून परत येताना पावसाची सर आली. गाडी दारात उभी राहिली आणि बाबा सवयीने बाहेर धावले, पण हात रिकामेच. मग खांद्यावरचं फडकं काढून टपापासून खाली दाराच्या कडेपर्यंत तिला पुसायला लागले, सावकाश, कोपरे न चुकवता.

मी आणि आई खिडकीत होतो. मी काही बोलणार तोच आईने मला गप्प केलं. बाहेरून शीळ ऐकू येत होती.

"वाजतेय ना?" आई म्हणाली. "मग झालं."