मुंबुआची बादली

नैवाशा तळ्याकाठच्या गुलाबमळ्यात मुंबुआ सतरा वर्षं फवारणी करत होती. खांदे इतके दुखत, की घरी केस विंचरायचाही तिला कंटाळा येई. त्या आठवड्यात गुलाबाची कोवळी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. पानांना लोह कमी पडतंय, हे तिनं लांबूनच ओळखलं.

नवा मुकादम किप्रोनो हिराकसाची पोती घेऊन आला. "मावशी, यातही लोहच आहे आणि स्वस्त आहे. मारून टाका."

वाद घालायचं त्राण तिच्यात नव्हतं. तिनं बादलीभर बोअरच्या पाण्यात मूठभर हिराकस ढवळलं आणि ती भिंतीला टेकून बसली. थोड्या वेळानं पाणी तांबूस झालं, तळाशी गाळ बसला.

"आपलं पाणी जड आहे. त्यात लोहाचा गंज होतो, मग पानाला काय मिळणार?" ती म्हणाली. "त्या महागड्या चिलेट खतातलं लोह कुणीतरी कवेत धरल्यासारखं असतं. पानात शिरेपर्यंत ते टिकतं."

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"तुमच्याआधीच्या चार मुकादमांनी. प्रत्येकानं एकदा हीच पोती आणली होती."

किप्रोनो ओशाळला. चिलेट यायला नऊ दिवस लागले. गार सकाळी तिनं ते सगळ्या वाफ्यांवर फवारलं आणि पंधरवड्यात नवी पानं हिरवी फुटली.

"मावशी, उद्यापासून पंप पाठीवर घेऊ नका," किप्रोनो म्हणाला. "मिश्रण तेवढं तुम्ही करा."

ती "बरं" म्हणाली, आणि पाठीवरचा पंप उतरवून चिलेटच्या रिकाम्या खोक्यावर बसली.